आधी घाट चढावा लागतो

तालाय सात महिन्यांनी मॉस्कोहून घरी आला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत पाणी झालं. मी गावची नर्स. एकतीस हिवाळे या उंच पठारावर काढलेत. आता कुणी दार वाजवलं की आधी चीडच येते.

त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं. तव्यावर मीठ तडतडावं तसा आवाज. ओठ जांभळे.

"बुरुल, याला आडवं कशाला पाडलंस? उठवून बसव. आणि आत्ताच खाली न्यायचं."

"काहीतरीच!" बुरुल, त्याची आई, म्हणाली. "मेंढी कापलीय, पाहुणे दारात आलेत. भरल्या पानावरून पोराला उठवू? आणि इथली हवा परक्यांना बाधते. हा इथेच जन्मलाय."

"खाली राहून परत येतो ना, त्यालाच ती जास्त धरते."

"तुला मेलीला सगळीकडे आजारच दिसतो."

मग अकरा वर्षं न बोललेलं मी बोलले. "माझा नवरा खालून आला तेव्हा मीही हेच म्हणाले होते. इथलाच आहेस, झोप काढ, बरं वाटेल. नर्स असून म्हणाले गं. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले."

बुरुलने कोट चढवला.

खाली जायचं तर आधी घाट चढावा लागतो, ही आमच्या पठाराची खोड. ऑक्सिजनची टाकी एकच, तीही अर्धी. शेजारी जीप चालवत होता; मागे बुरुल त्याला छातीशी टेकवून बसली.

"नक्की झालंय काय याला?"

"फुप्फुसातली हवा आणि रक्त यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा असतो. हवा तिथूनच रक्तात जाते. तिथे पाणी साचलंय. त्याला झोपू देऊ नकोस. वापरलेली हवा रक्तात साठली की शरीराला श्वासाची आठवण होते. इतक्या उंचावर ती भराभर निघून जाते, आणि झोपेत शरीर श्वास घ्यायचंच विसरतं."

माथ्याच्या अलीकडेच टाकी संपली. बुरुल त्याच्या गालांवर चापट्या मारत ओरडत राहिली, "घे! श्वास घे रे माझ्या राजा!" मी नाडी धरून बसले होते. फार दमले होते, आणि मनात नवऱ्याची माफी मागत होते.

उतार लागला. चार तासांनी, नदीकाठच्या दवाखान्यात, ओठांचा रंग परतला.

"एजे, मेंढीचं काय झालं?" तालायने मला विचारलं. गावात सगळे मला एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणतात.

"पाहुण्यांनी फस्त केली. तुझं नशीबच तसलं."

बुरुलने जन्मात पठार सोडलं नव्हतं. खिडकीबाहेरच्या जर्दाळूच्या झाडांकडे ती बराच वेळ बघत बसली.

"आता वर येऊ नकोस रे," ती म्हणाली. "मीच उतरत जाईन."

"पण मुक्काम करायचा नाही, बुरुल," मला सांगावंच लागलं. "राहिलीस, तर परत चढल्यावर तुझीही हीच गत."

"समजलं मला." तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. "यायचं, बघायचं, निघायचं."