डबा कुणाचा, नंबर कुणाचा

आमच्या मंगळवार पेठेतल्या, मिरची कुटून देणाऱ्या चटणी-कांडपाची सगळी व्यवस्था माझ्या सासूबाईंच्या, अंबूबाईंच्या, डोळ्यांत होती. कुठला डबा कुणाचा, कोण कुणाच्या आधी आली, हे त्या नुसत्या नजरेनं सांगायच्या. २००४ च्या उन्हाळ्यात त्याच डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मिरचीच्या धुळीला मनाई केली. आमची व्यवस्था हिरवा चष्मा लावून आतल्या कॉटवर जाऊन बसली आणि कांडप माझ्या हाती आलं.

नवरा हंबीरराव फाउंड्रीत कामाला. म्हणाले, "यंदाचा सीझन बघू. झेपलं तर झेपलं, न्हाईतर हातकणंगल्याचा आकाराम मशीन उचलाय तयार हाय."

मशीन उचललं की मी पुन्हा भाकरीपुढं. घरात गादीला कापूस किती भरायचा हेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं. पण कांडपावर आलेली प्रत्येक बाई "वैनी, अजून जरा बारीक करू काय?" असं मला विचारायची. ते मला सोडायचं नव्हतं.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. सगळ्यांचे डबे तेलाचे, एकाच मापाचे. "मी आधी आलीया!" "तू आलीस, पर डबा कुठं आणलास?" त्यात लोडशेडिंग. शिंका, आरडाओरडा, आणि आतून सासूबाई, "आगं, धोंडुबाईचा आधी घे, ती सकाळधरनं बसलीया." न बघता!

मग मी डोकं चालवलं. फाउंड्रीतून पत्र्याचे बिल्ले कापून आणवले, प्रत्येक नंबराची जोडी. एक बिल्ला डब्याच्या कडीला, दुसरा बाईच्या हातात. नंबर पुकारला की बिल्ला दाखवायचा आणि डबा न्यायचा. पूर्वी बायका पदर नाकाला लावून मशीनपाशी उभ्या राहायच्या, आपल्या मिरचीवर डोळा ठेवून. आता कशाला? बाहेर सावलीत बसा. दोन दिवस मी गरम चहा गरम असताना प्यायला.

तिसऱ्या दिवशी शालूबाई आली, शाहूवाडीकडची. कपाळावर घाम, नजर सारखी घड्याळावर. "यष्टी चुकली तर मुक्काम पडतोय गं," असं तिनं दोनदा सांगितलं. तिच्या शेजारी आमच्याच गल्लीतल्या आक्काताई बसल्या होत्या, नंबर शालूबाईच्या आधीचा.

"आण हिकडं तुझा बिल्ला," आक्काताई म्हणाल्या. "घे माझा. मला काय घाई हाय? चार घरं पलीकडं तर जायचंय."

चांगुलपणा बघा. मी आत होते, मला काही कळलं नाही. नंबर पुकारला, शालूबाईनं बिल्ला दाखवला, मी डबा दिला, तिनं तो पटकुरात बांधला आणि पळाली. माझी पद्धत अगदी चोख चालली होती.

मग आक्काताईंचा नंबर आला. त्यांनी झाकण काढून बोटावर चटणी घेतली, जिभेला लावली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ठसका दिला.

"आगं ही माझी न्हवं! ही लवंगी हाय! आमचे हे मरतील की ह्यानं, पोटात आधीच जाळ हाय त्यास्नी."

"पण बिल्ला तर तुमचाच," मी म्हणाले.

"माझा कुठनं? मी दिला की शालूला!"

"का दिलात?"

"का म्हंजे? तिची यष्टी चुकत हुती!" माझ्याकडं असं बघितलं, जशी माणुसकी नसलेली मीच.

संध्याकाळी हंबीररावांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आकारामाला रविवारी बघायला बोलवतो."

दुसऱ्या दिवशी कांडप बंद ठेवून, मांडीवर शालूबाईचा डबा घेऊन शाहूवाडीची गाडी धरली. शालूबाईनं चटणी बरणीत भरून टाकली होती.

"वैनी, आमचं मालक म्हंतात, मिरची फसवी निघाली. ही चटणी हाय का कुंकू?"

बरणी पुन्हा आक्काताईंच्या डब्यात रिकामी केली. तिनं मला जेवू घातलं, तिच्याच चटणीबरोबर. परतीच्या गाडीत डोळ्यांतून पाणी येत होतं, तिखटानं आणि रागानंही. राग त्या दोघींवर धरावा असं वाटत होतं, पण धरता येईना. एका बिल्ल्याला मी दोन कामं लावली होती, डबा कुणाचा आणि पाळी कुणाची. बायका पाळी देणारच. कुणाची गाडी, कुणाचं तान्हं, कुणाचा पाहुणा. त्यांना अडवणारा बिल्ला अजून निघायचा आहे.

शनिवारी नंबर काढून टाकले. भिंतीशी लांब फळी टाकली. डब्यावर खडूनं नाव. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहायची. पाळी फळीवरच्या जागेनुसार. कुणाला पुढं जाऊ द्यायचं असेल तर तिचा डबा आपल्या पुढं सरकवा, जीभ चालवू नका. आणि आपली मिरची पडताना मशीनपाशी उभं राहायचं, शिंका आल्या तरी.

"आधी बसा म्हणलीस, आता उभ्या ऱ्हावा म्हणतीस," धोंडुबाई करवादली. "सरकारचं तरी बरं, पाच वर्सानं बदलतंय."

रविवारी हंबीरराव आकारामाला घेऊन आले. आकाराम सरळ आत घुसायला लागला.

"ओ पावणं!" धोंडुबाई ओरडली. "रांग हितनं हाय. डबा कुठाय?"

"मशीन बघायला आलोय, मावशी."

"बघा की. डबा ठेवा फळीवर, पाळी आली की बघा."

"आन् खडूनं नाव लिवा," दुसरी म्हणाली. "न्हाईतर तुमास्नीच दुसरी कुणीतरी घरी न्हील."

फळीभर हशा झाला. आकारामानं दारातूनच मशीनकडं बघितलं, मग त्या बायकांकडं, मग माझ्याकडं.

"हंबीरराव," तो म्हणाला, "मशीन नेतो म्हटलं तर नेईन. पर हे सगळं माझ्याच्यानं हुईल असं वाटत न्हाई."

चहासुद्धा न घेता गेला. हंबीरराव दारात उभे राहिले, मशीनच्या आवाजात काही बोलले, मला ऐकू आलं नाही. मशीन थांबल्यावर पुन्हा म्हणाले.

"आपल्या घरची चटणी अजून व्हायची हाय की."

"डबा आणा," मी म्हणाले, "आणि ठेवा सगळ्यात मागं."

त्यांनी आणून ठेवला. एकीनंही तो आपल्या डब्यापुढं सरकवला नाही.