शेपटीची कृती

माझा नवरा क्लॅरी तीस वर्षं समुद्रात शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडतोय. शेपट्या कारखान्यात गोठवून थेट अमेरिकेला जातात. डोकी आणि पाय आमच्या घरी येतात. त्यांचं सूप करण्यात ऑस्ट्रेलियातल्या आमच्या अख्ख्या जेराल्डटन बंदरात माझा हात कुणी धरणार नाही.

परवा तीस वर्षं पुरी झाली म्हणून कारखान्याच्या मॅनेजरने त्याला शेपट्यांचं एक खोकं भेट दिलं. क्लॅरीने ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "कर."

"काय कर? मी कधी केल्यात?"

मी कुंपणावरून शेजारच्या बेरिलला हाक मारली. "अगं, शेपटी कशी करतात?"

"मला काय विचारतेस? माझाही नवरा शेवंडीच पकडतो."

शेवटी खोक्यावरच अमेरिकेतल्या बायकांसाठी छापलेली कृती सापडली. कात्रीने कवच कापायचं, वर लोणी सोडायचं, आठ मिनिटं ग्रिलखाली ठेवायचं. कात्री माझी शिवणाची होती. तिची धार गेली ती गेलीच. लोण्याचा पुडाही संपला.

क्लॅरी धुतलेला शर्ट घालून जेवायला बसला. काट्या-सुरीने चार घासांत त्याने शेपटी संपवली आणि हातांकडे बघत राहिला. बोटंसुद्धा बरबटली नव्हती.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"बरी आहे," तो म्हणाला. "पण हिचं डोकं कुणाच्या घरी गेलं?"