पर्मनंट जावई

बाबुराव पेडणेकरांनी इंग्रजीतला एकच शब्द जन्मभर पुरवून वापरला, तो म्हणजे पर्मनंट. वीस वर्षांपूर्वी ते मिलमध्ये पर्मनंट झाले आणि तेव्हापासून लालबागच्या त्या चाळीत माणसं दोनच जातींची उरली, पर्मनंट आणि बाकीची. त्यांची सर्दी पर्मनंट, शेजारच्या राधाबाईशी भांडण पर्मनंट. घरचा गणपती दीड दिवसाचा, म्हणून त्याच्याबद्दलही त्यांचं मत जरा राखूनच असायचं.

आणि अशा माणसाच्या पोरीचं, शांताचं, मन बसावं कुणावर? तर समोरच्या खोलीतल्या जयवंतवर. जयवंत बदली कामगार. रोज सकाळी मिलच्या फाटकाशी उभं राहायचं. कुणाचा खाडा झाला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आत घेणार, नाही तर डबा घेऊन आल्या वाटेने परत. सहा वर्षं हेच चाललेलं.

"पोरगो चांगलो आसा," बाबुराव म्हणत. "पण बदलीवाल्याक चेडू कसा देऊ? संसार काय दुसऱ्याच्या खाड्यार चालता?"

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ जाहीर झाला. बाबुराव चाळीतल्या समितीचे पुढारी, घसा बसेपर्यंत ओरडत होते. इकडे जॉबरने बदलीवाल्यांच्या कानात सांगितलं, "हरताळाच्या दिवशी जो आत येईल, तो पर्मनंट."

जयवंतने शांताला नळावर गाठलं. "जाऊ का गं?"

जा, हा शब्द तिच्या अगदी जिभेवर आला होता. लग्न तेवढ्या एका शब्दावर अडलं होतं. पण तिची तिलाच लाज वाटली. "नको जाऊस," ती म्हणाली, आणि घरी येऊन पीठ मळताना रडली.

जयवंत गेला नाही. बाबुरावांनी फाटकावर त्याच्या गळ्यात हार घातला. "असे तरुण आहेत म्हणून मुंबई महाराष्ट्राचीच!" वरच्या मजल्यावरचा वसंत, तोही बदलीवालाच, मात्र मागच्या दाराने आत गेला आणि त्याच आठवड्यात पर्मनंट झाला.

हार सुकायच्या आत बाबुराव घरात म्हणाले, "शांते, वसंताचा स्थळ बरा आसा."

"बाबा! हरताळ फोडून आत गेला तो!"

"हळू बोल गे! पर्मनंट कसो झालो ता कोण इचारता? झालो मा?"

शांताचं डोकंच फिरलं. बाहेर गॅलरीत समितीची माणसं बैठकीला जमली होती. बाबुराव अध्यक्ष म्हणून जाऊन बसले. त्यांच्या पाठोपाठ ती साखरेची वाटी घेऊन बाहेर आली.

"घ्या, तोंड गोड करा. माझं लग्न ठरलं."

"अगोबाई! कुणाशी?" राधाबाईंनी विचारलं.

"वसंताशी. हरताळाच्या दिवशी मागच्या दाराने आत गेला ना, तोच. बाबांना पसंत आहे."

"काय हो बाबुराव?" राधाबाई म्हणाल्या. किती वर्षांनी त्यांना असा मोका मिळाला होता!

बाबुरावांनी घाम पुसला. पर्मनंट जावई हवा तर पुढारीपण जाणार होतं, आणि पुढारीपणाची गोडी भारी वाईट. ते मोठ्याने हसले. "मस्करी करते हो पोर! माझा जावई जयवंत. समितीसमोर जाहीर करतो!"

टाळ्या काय, घोषणा काय! निष्ठेवर भाषण करून बाबुराव पुन्हा थोर झाले.

माणसं पांगल्यावर जयवंत शांताजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "शांता, जॉबर आता मला फाटकाशी उभंसुद्धा करणार नाही. खाणार काय आपण?"

"मला पण भीती वाटते रे. खूप वाटते." तिने साखरेची रिकामी वाटी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. "नळावर मी जा म्हणाले असते, तर गेला असतास ना?"

जयवंत खाली बघत म्हणाला, "गेलो असतो."

"मग ती नोकरी आपण दोघांनी मिळून सोडली. आता उपाशी राहायचं, तर तेही मिळूनच."