खंडेनवमीचा पेचकस

मित्रांनो, मी एक जुना कंपास आहे. हसू नका! तुमच्या दप्तरात कर्कटक आणि तुटकी पेन्सिल सांभाळत फिरतो, तो मी नव्हे. मी विमानातला कंपास, दिशा दाखवणारा. तुमचे गुरुजी मला होकायंत्र म्हणतात. सध्या मुक्काम धारवाडच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, बरणीतल्या पालीशेजारी. शेजार काही खास नाही, पण तक्रार कोणाकडे करणार?

माझा जन्म विलायतेतला. पितळेची वाटी, आत स्पिरिट, स्पिरिटात डुलणारी चुंबकाची सुई आणि वर जाड भिंग, एवढाच माझा संसार. युद्ध पेटलं तेव्हा मला एका लष्करी विमानात बसवून हिंदुस्थानात धाडलं. त्रेचाळीस साली आमचं विमान हुबळीला आलं. जवळच्या गोकुळ गावाच्या वाटेवर माळ सपाट करून तात्पुरती धावपट्टी केली होती. दोन पत्र्याच्या शेड, बाकी चहूकडे जोंधळा. ढगात शिरलं की जमीन दिसत नाही, सूर्य दिसत नाही. तेव्हा वैमानिक फक्त माझ्याकडे बघायचा. मी म्हणेन ती उत्तर. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता.

तो तोरा उतरवला वायरलेसने. जुन्या विमानात नवी यंत्रं बसवायचा हुकूम आला आणि एक काळी धिप्पाड पेटी माझ्या पलीकडे ठाण मांडून बसली. वैमानिक आता जमिनीवरच्या माणसाशी बोलणार म्हणे! ही पेटी सुरू झाली की माझी सुई थरथरायची. तिच्या पोटात लोखंड, चुंबक, वीज, सगळंच. मी उत्तर दाखवायला जावं आणि तिनं मला बाजूला ओढावं. मला तर ती डोळ्यांसमोर नको झाली.

आमचं भांडण मिटवायचं काम आलं बाळकृष्ण अण्णांकडे. अण्णा मूळचे हुबळीच्या बाजारातले घड्याळजी. पन्नाशीचे, नाकावर चष्मा, बोलणं कमी आणि हात हलका. युद्धात माणसं कमी पडली म्हणून लष्कराने त्यांना यंत्रं जुळवायला घेतलं होतं.

"गप बस की रे जरा," ते माझ्या काचेवर बोट टेकवून म्हणायचे. "नवी सून घरात आली म्हणून सासऱ्यानं हातपाय आपटायचे असतात व्हय?"

सासरा म्हणे! पण काम त्यांनी मन लावून केलं. पेटी वीतभर लांब सरकवली, तारांना पीळ देऊन बांधलं. मग आठ माणसांनी शेपूट धरून विमानाचं तोंड आठही दिशांना फिरवलं. दर दिशेला मी किती चुकतो ते पाहून अण्णांनी माझ्या पोटाखाली चिमुकले चुंबक लावले. चार दिवस हे चाललं होतं. शेवटी मी आणि वायरलेस, दोघंही आपापलं काम बिनतक्रार करू लागलो. मनातून मात्र मी तिच्याशी अबोला धरला होता.

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. अण्णांची हत्यारं चार दिवस माझ्यापुढंच राबली होती, म्हणून त्यांनी पूजाही तिथंच मांडली. आम्ही यंत्रं बसवलेल्या पॅनेलखालच्या फळीवर धुतलेला पंचा अंथरला, त्यावर पक्कड, चिमटे आणि पेचकस ओळीनं ठेवले. वत्सलाकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, घरून झेंडूची फुलं आणि कुंकू दिलं होतं. मलाही कुंकू लागलं. वायरलेसलाही लागलं, ते मला आवडलं नाही.

दुपारी तीनला धावपळ उडाली. छावणीतल्या एका जवानाच्या आतड्याला पीळ पडला होता. संध्याकाळच्या आत पुण्याच्या इस्पितळात पोचला तर वाचणार होता. आमचा वैमानिक वेंकटेश, धारवाडचाच, चोविशीचा पोरगा, पळतच आला.

"अण्णा, पूजा उचला. निघायलोय मी."

अण्णांनी पूजेकडे पाहिलं. पूजेतली हत्यारं हलवायची? एरवी त्यांचा नियम पक्का होता. काम झालं की एकेक हत्यार मोजून पेटीतल्या त्याच्या खाचेत ठेवायचं, मगच विमानातून उतरायचं. पण मोजायचं तर एकेक हातात घ्यावं लागणार, आणि आज हत्यार हाती धरायचं नाही. त्यांनी नमस्कार केला, पंच्याची चार टोकं जुळवली आणि सगळं गाठोडं तसंच्या तसं उचललं. घाईत एक पेचकस फळीच्या फटीतून पॅनेलमागे घसरला. घड्याळातले बारीक स्क्रू चिकटून यावेत म्हणून अण्णांनी त्याला चुंबकत्व चढवलेलं होतं. नेमका तोच!

विमान उडालं आणि माझा कान कोणीतरी धरून ओढावा तसं मला झालं. मी उत्तरेकडे जीव तोडून ताणत होतो आणि तो पेचकस मला हलू देत नव्हता. वीस अंशांची चूक! पुण्याऐवजी मी वेंकटेशला सह्याद्रीच्या कड्यांकडे आणि पलीकडच्या समुद्राकडे न्यायला लागलो. खाली ढगांची गादी. मागे तो जवान कण्हत होता. वेंकटेश माझ्याकडे किती विश्वासानं बघत होता म्हणून सांगू! मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठं होतं? इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पुढचं मला नंतर कळलं, कारण अण्णा आणि भीमसेन ते पुढे शंभर वेळा सांगत. भीमसेन हा जमिनीवरच्या वायरलेसवर बसणारा. अण्णांनी शेडमध्ये पूजा पुन्हा मांडायला घेतली. गाठोडं उलगडलं, तर एक पेचकस कमी. चुंबकाचा पेचकस, आणि तोही कंपासजवळ! आमच्या वायरलेसवरचं बोलणं चाळीस मैलांपर्यंतच पोचायचं, म्हणजे उड्डाणापासून वीस मिनिटं. त्यातली तेरा गेली होती. अण्णा धोतराचा सोगा धरून माळावरून पळत सुटले.

"भीमसेन, वेंकटेशला बोलाव! माझा पेचकस आत राहिलाय!"

"यप्पा!" भीमसेनने डोक्याला हात लावला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, हे छावणीच्या साहेबांच्या कानावर गेलं तर तुम्हाला आत टाकतील. तुमचं नाव कशाला? नव्या वायरलेसनं कंपास बिघडवलाय म्हणून सांगतो की."

अण्णांच्या घरी वत्सलाकाकू होत्या, लग्नाची लेक होती. तरी ते म्हणाले, "तसं सांगितलंस तर वेंकटेश वायरलेस बंद करंल. पेचकस तिथंच राहील, आणि पुन्हा आपल्याला त्याच्याशी बोलताही यायचं नाही. बाजूला हो, मीच बोलतो."

आणि त्या काळ्या पेटीतून अण्णांचा धापा टाकणारा आवाज माझ्याशेजारी आला.

"वेंकटेश, बाळकृष्ण बोलतोय. चूक माझी आहे. कंपासवर जाऊ नका. पॅनेलच्या मागं, डाव्या अंगाला माझा पेचकस पडलाय. काढा तो आधी."

वेंकटेशने हात घातला. तारा, नळ्या, काहीच सापडेना. "नाही हो अण्णा!"

"आणखी खाली. फळीच्या फटीशी चाचपा." आवाज आता खरखरत होता.

सापडला! वेंकटेशने तो पार मागे, शेपटीकडे भिरकावला. माझी सुई गर्रकन फिरली, दोनदा डुलली आणि उत्तरेला जाऊन थांबली. अहाहा! मित्रांनो, ते सुख काय सांगू! वेंकटेशने विमान वळवलं. "मिळाला, अण्णा," एवढं तो म्हणाला, आणि चाळीस मैल संपले. मी वायरलेसकडे पाहिलं. माझ्या मनातलं तिनंच तर बोलून दाखवलं होतं. अबोला कसला धरायचा आता?

सूर्य मावळायच्या आत आम्ही पुण्याला उतरलो. तो जवान वाचला.

इकडे अण्णांनी स्वतःच साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. साहेब तडकले, सकाळी निकाल देतो म्हणाले. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही परत आलो. अण्णा शेडच्या दाराशी मान खाली घालून उभे होते, शेजारी साहेब. वेंकटेशच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं होती; आपल्याकडे दसऱ्याला तेच सोनं. प्रथेप्रमाणे ते आधी साहेबांना मिळायचं. वेंकटेश साहेबांना सलाम ठोकून सरळ अण्णांकडे गेला, पानं त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि गणवेशात, टोपीसकट, त्यांच्या पायांवर वाकला.

"अण्णा, तुम्ही बोललात म्हणून मी आलो."

अण्णांना रडू फुटलं. साहेबांनी दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "या माणसाचा महिन्याचा पगार कापा. आणि उद्यापासून यालाच शेडचा मुख्य करा. माझ्या विमानांना हाच माणूस हवा."

युद्ध संपलं, विमान मोडीत निघालं, आणि मी इथं आलो. माझ्यातलं स्पिरिट आटत चाललंय, सुई जरा अडखळते. माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, आणि लोखंडाची वस्तू जवळ आणू नका, एवढीच विनंती. आणखी एक. हातून चूक तुमच्याही होईल, अण्णांसारख्या नेमाच्या माणसाकडून झाली तिथं तुमचं काय! तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारू नका. तुमचा आवाज समोरच्याला ऐकू जातोय तोवर सांगून टाका, बाळांनो. मग माणसं घरी परत येतात.