ताईने भरलेलं पाणी

माझं केस कापायचं दुकान होतं. त्या धंद्याचा एक फायदा असा, की कानाशी कात्री चालू असताना माणूस मान हलवत नाही. त्यामुळे माझ्या गोष्टी आजवर सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या आणि "छे, काहीतरीच!" म्हणायची हिंमत कुणी केली नाही. आता दुकान गेलं, कात्रीही गेली. तेव्हा तुम्हाला मान हलवायची पूर्ण मोकळीक आहे.

गोष्ट भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. या माणसाने जन्मभर मालट्रक चालवला आणि निवृत्त झाल्यावर गप घरी बसावं, तर कॅम्पर घेतली. पुढे दोन माणसांची बसायची जागा, मध्ये फळीची भिंत, मागे बिछाना, दोन शेगड्यांचा ओटा, हातभर मोरी आणि बिछान्याखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. गाडी भाऊजींची, पण टाकी ताईची. तिला बोट लावायची कुणाची टाप नव्हती.

ताईचा कायदा एकच: शिळ्यावर ताजं ओतायचं नाही. आधी खालचा कॉक उघडून तळ कोरडा करायचा, मगच नवं पाणी. पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा आणि वेगळा. काम झालं की त्याची दोन टोकं एकमेकांत घट्ट बसवून ठेवायची, म्हणजे आत कोळी शिरत नाही. अधूनमधून ब्लीचच्या पाण्याने टाकी धुवायची. पाणी किती उरलंय ते दाखवायला भिंतीवर चार दिवे होते, पण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

"ते दिवे तुझ्या भाऊजींसारखे आहेत," ती म्हणायची. "कधीही विचार, सगळं ठीक आहे म्हणतात."

म्हणून ती लाकडी पळी घेऊन टाकीला तळापासून वरपर्यंत ठोकत जायची. ढप, ढप, ढप... आवाज पोकळ झाला, की पाणी तिथपर्यंत. त्याच पळीने ती गाडीही चालवायची म्हणा ना! भाऊजी पुढे स्टिअरिंगवर, ताई मागे. फळीवर लागोपाठ दोन ठोके म्हणजे "थांबा, पाणी सोडायचंय." एक ठोका म्हणजे "चला." भाऊजी मागे वळून बघतसुद्धा नसत.

आणखी एक सांगून ठेवतो. ताई ओरडत असली, आपटत असली, तर घाबरायचं कारण नसे. ती गप्प बसली, की मात्र घरातली मांजरंसुद्धा बाहेर जाऊन बसायची.

तर अशी आमची ताई एका सकाळी टाकी भरून, पाइपची टोकं जोडून, ओट्यापाशी आली आणि उभ्याउभ्याच गेली. भाऊजींनी गाडी लेकीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली आणि तिच्यातच मुक्काम ठोकला. त्यानंतर गाडी तसूभर हलली नाही.

उन्हाळ्यात भाचीचा फोन आला.

"मामा, तुम्ही या. बाबांचं पोट सारखं बिघडतंय. पँट दोरीने बांधतात. दोनदा सलाईन लावून झालं. डॉक्टर म्हणाले, ते टाकीतलं पाणी बंद करा, पुढच्या वेळी आमच्या हातात काही राहणार नाही. पण पाण्याचं नाव काढलं की बाबा दार लावून घेतात."

"मग तूच जा आणि कॉक उघडून मोकळी हो. विचारतेस काय?"

"गेले होते. गाडीखाली वाकले, कॉकला हात लावला, तर टाकीवर ठोके पडले मामा. आतून."

"तुझ्या बापाचे चाळे असतील."

"बाबा माझ्या शेजारी उभे होते."

मी भर दुपारी पोचलो. ऊन असं, की गाडीची सावलीसुद्धा गाडीखाली जाऊन बसली होती. भाऊजी दारात आले. मालट्रकच्या चाकाएवढा माणूस, त्याची सायकलची तार झाली होती.

"या शालकबुवा," ते म्हणाले. "लेकीने धाडलं वाटतं?"

"छे हो, तुमचे केस वाढलेत असं कळलं."

"केस राहिलेत कुठे? बस. चहा टाकतो."

त्यांनी नळ सोडला, तशी बिछान्याखाली पंपाची घरघर सुरू झाली. पाणी दिसायला काचेसारखं, पण वास मात्र फुलदाणीत आठवडाभर विसरलेल्या पाण्याचा. माझी जीभ आतल्या आत मागे सरली.

"भाऊजी, हे पाणी कधीचं?"

"कालच भरलं की."

"रिकामी करून?"

त्यांनी पातेल्यात बघितलं. "अर्धी झाली की वरून भरतो. तळाशी तिचं आहे. तिने भरलेलं. ते मी संपू देत नाही."

"दुधाला विरजण लावलेलं बघितलंय, भाऊजी. पाण्याला लावलेलं आजच बघतोय."

त्यांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आत खालून आवाज आला.

ढप.

मी पाय वर घेतले. लाज कसली, घेतले.

ढप. ढप. आवाज तळापासून सुरू झाला आणि सावकाश वर चढत गेला, अगदी ठोकणारं माणूस कान देऊन ऐकत असावं तसा. वर पोचून तो थांबला. मग लागोपाठ दोन: ढप-ढप.

पळी ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली होती. हलतसुद्धा नव्हती.

"रोज असंच," भाऊजी म्हणाले. बाहेर पोस्टमन येऊन गेला म्हणावं, तसे. "बघायचं असेल तर बघ."

मी गादी उचलली, तिच्याखालची फळी सरकवली, टाकीचं गोल झाकण फिरवून काढलं आणि टॉर्च आत धरला. टाकीच्या भिंतींना आतून शेवाळी, बुळबुळीत थर धरला होता, नखाएवढा जाड. त्या थरात तळापासून वरपर्यंत एका रांगेत वाटोळे डाग होते, स्वच्छ पुसलेले. मी खिळ्यावरची पळी काढली आणि डागाशी धरून बघितली. तंतोतंत पळीच्या पाठीएवढे. फक्त ते आतून पडलेले होते.

मी झाकण लावलं. दोनदा घट्ट केलं.

"भाऊजी, दोन ठोक्यांचा अर्थ तुम्हाला मी सांगायचा का?"

"मला येतो अर्थ." ते बिछान्याच्या कडेवर बसले. "थांबा, पाणी सोडा. दिवसभर तेच सांगते. जन्मभर तिचं ऐकलं रे. इथे थांबा, थांबलो. चला, निघालो. हे एवढं एक नाही ऐकणार. हे सोडलं की तिच्या हातचं काय उरलं माझ्याकडे? आणि मग ठोकेल कोण?"

"अहो, तुम्ही मराल!"

"मग काय, तिच्याकडेच जाईन."

भाची घराच्या खिडकीतून इकडे बघत उभी होती, आई गेली त्याच वर्षी बापाचीही वाट लागलेली बघत. मी उठलो, ओट्यावरचा पेला घेतला आणि नळाखाली धरला.

"हे काय?" भाऊजी म्हणाले.

"बहीण माझी होती. तिच्या हातच्या पाण्यावर माझाही हक्क आहे. तुम्ही एकटेच किती पिणार?"

पेला भरला. खरं सांगू? मला वाटलं होतं आता ठोक्यांचा पाऊस पडेल, गाडी हादरेल, ताई भावाला वाचवायला आकांत करेल. मी पेला ओठाशी नेला.

आवाजच बंद झाले.

नुसते ठोके नव्हे. पंप थांबला. शेगडीवरच्या पाण्याची सळसळ थांबली. बाहेर कुठला तरी पक्षी ओरडत होता, तो अर्ध्यात तुटला. तिच्या लग्नाआधी, घरच्या जेवणाच्या टेबलाशी, मी ताईची नवी चप्पल हरवून आलो होतो तेव्हा अशी शांतता पडली होती. मानेवरचे केस उभे राहिले. दुसऱ्यांचे उभे राहिलेले पुष्कळ कापलेत, स्वतःचे तेव्हा कळले.

भाऊजींचा चेहरा राखेचा झाला.

"गप्प झाली," ते कुजबुजले. "अरे, ती गप्प झाली!"

त्यांनी माझ्या हातावर असा फटका मारला, की पेला मोरीत जाऊन फुटला. मग बायकोने तिसऱ्यांदा हाक मारल्यावर नवरा उठतो तसे ते उठले, बाहेर गेले, उताणे होऊन गाडीखाली शिरले आणि कॉक उघडला.

पाणी निघालं. निघतच राहिलं. माझ्या अंदाजाने त्या टाकीत मावेल त्याच्या तिप्पट निघालं, पण माझ्या अंदाजाचं तुम्ही अर्धं धरता, तेव्हा दीडपट धरा. उतार ओढ्याकडे होता. पाणी ओढ्याकडे गेलं नाही. आधी पुढच्या डाव्या चाकापाशी गेलं, तिथे टायरला टेकलं, मग उजव्या, मग मागच्या दोन्ही. निघण्यापूर्वी ताई चारही टायरना लाथ मारून बघायची, अगदी त्याच क्रमाने. चौथं चाक झाल्यावर ते ओढ्याकडे वळलं आणि साधं पाणी झालं.

पुढचं सगळं ताईच्या शिस्तीने केलं. बादलीभर पाण्यात सुगंध न घातलेलं साधं ब्लीच कालवलं, ते टाकीत ओतलं, वरून टाकी भरली. प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडला आणि बंद केला. रात्रभर तसंच मुरत ठेवलं. बाहेर खुर्च्या टाकून आम्ही बसलो. भाचीने घरून जेवण आणि उकळलेलं पाणी आणलं. बापाला पेलाभर पिताना बघितलं आणि मगच आत गेली.

भाऊजी कोटाच्या खिशावर हात ठेवून बसले होते. उन्हाळ्यात कोट!

"भाऊजी, खिशात काय?"

"काही नाही."

ठक-ठक, खिसा म्हणाला.

आम्ही दोघांनी खिशाकडे बघितलं. भाऊजींनी कान पकडलेल्या पोरासारखी मान खाली घातली आणि औषधाची छोटी बाटली काढली. काठोकाठ भरलेली. बूच उघडलं. ते पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, थोडा वेळ नुसतं धरलं आणि मग त्याने तोंड धुतलं. किती त्या पाण्याचं आणि किती त्यांचं, ते मला दिसलं नाही. बघितलं नाही मी.

दुसऱ्या दिवशी ब्लीचचं पाणी सोडलं, टाकी खळखळून धुतली, वास पार जाईपर्यंत. मग पांढऱ्या पाइपने ताजं भरलं. भाऊजींनी स्वतः पळीने ठोकून बघितलं, तळापासून वर. भरल्याचा आवाज. उलट ठोका आला नाही. ते बराच वेळ टाकीला कान लावून बसले.

"रागावली असेल का रे?"

"काम झालं, आता कशाला ठोकेल?"

त्यांनी पळी माझ्या हातात दिली, पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले. नुसतेच. गाडी इथे लावल्यापासून पहिल्यांदा. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. मी मागच्या बाजूला उभा राहून पाइपमधलं उरलेलं पाणी झटकत होतो. भाची कपडे वाळत घालत होती. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

आतून फळीवर एक ठोका पडला.

भाऊजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "शालकबुवा, तू वाजवलंस?"

मी एका हातातला पाइप दाखवला, दुसऱ्या हातातली पळी दाखवली.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. किल्ली फिरवली. इतके महिने उभं असलेलं इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आणि माझी पिशवी, माझा चष्मा, माझी परतीची गाडी चुकणार ही गोष्ट, यातल्या कशाचाही विचार न करता कॅम्पर रस्त्याला लागली. वळणावर तिने हॉर्न दिला.

भाची चिमटा दातांत धरून बघत राहिली. "मामा," ती म्हणाली, "बाबा कुठे निघाले?"

"ते मागे बसणारीला विचार."

मी पाइपची दोन टोकं एकमेकांत घट्ट बसवली, कोळी शिरू नये म्हणून, आणि पायरीवर बसून राहिलो.