धूर नाल्यावर, डास पिंपात

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि मी चिडलो आहे. सोलापुरातल्या एका हिवताप कार्यालयात माझी तीस वर्षे गेली. पूर्वी पाहुणे आले की साहेब मला कौतुकाने दाखवत. आता माझ्या डोक्यावर फाटकी प्लास्टिकची पिशवी असते आणि शेजारी चहाचे कप.

धुळाप्पा हा आमच्याकडचा डास पकडणारा माणूस. सकाळी बॅटरी आणि काचेची नळी घेऊन तो घराघरांत जातो, भिंतीवरचे डास नळीत ओढतो आणि त्यांची पोटे सुईने फाडून माझ्याखाली ठेवतो. अशी हजारो पोटे मी पाहिली आहेत. गटारातल्या क्युलेक्स डासाने मलेरियाच्या रोग्याचे रक्त प्याले, तरी माणसाच्या मलेरियाचा जंतू त्याच्या पोटात मरून जातो. ॲनाफिलीस जातीच्या डासांचे मात्र तसे नाही. त्यांच्यातही फरक असतो. काहींच्या पोटात जंतू काळे ठिपके होऊन मरतात. पण स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढणारा जो आमच्या शहरातला ॲनाफिलीस आहे, त्याच्या पोटावर जंतूंचे गोल फोड येतात, फुटतात आणि जंतू त्याच्या लाळेत उतरतात. मग तो ज्याला चावेल त्याला ताप!

हे धुळाप्पाने साहेबांना किती वेळा सांगितले! साहेब म्हणायचे, "डास तो डास. नाल्यावर धूर मारा. धूर दिसला की लोक गप्प बसतात."

यंदा शिवानंद नावाच्या कामगाराला मलेरिया झाला. त्याच्या रक्तातले जंतू मीच दाखवले. औषधाने तो बरा झाला. पण घरात त्याची बायको दानेश्वरी सात महिन्यांची गरोदर होती आणि दारात पाण्याचे मोठे पिंप होते. धुळाप्पाने त्या घरातले डास पकडले आणि शिवानंदच्या आईला, मल्लव्वाला, हात जोडून सांगितले, "मल्लव्वा, ब्यारल रिकामं करा. सुनंला चावतील."

"पाच दिसांनी पानी येतंय, आन् वतून टाकू व्हय?" मल्लव्वा म्हणाली. "माझं पानी लई निर्मळ हाय. त्या गटाराकडं बघ की!"

पाणी खरेच निर्मळ होते. नळ आला की मल्लव्वा फडक्याने गाळून जुन्या पाण्यावर नवे ओतायची. पिंप कधी तळापर्यंत रिकामे व्हायचेच नाही आणि अळ्या आत सुखाने वाढत होत्या. पण तिला दाखवणार कसे? साहेबांनी जाताना मला कपाटात कुलूप लावून ठेवले होते. किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब प्रशिक्षणाला पुण्यात! धुळाप्पाने फोन केले. "आल्यावर बघू," असे उत्तर मिळाले. तीन आठवडे मी अंधारात बसलो आणि नळीतले डास वाळून गेले. बाहेर नाल्यावर धूर मात्र रोज चालू होता.

दानेश्वरीला थंडी वाजून ताप भरला. चौथ्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी होती. तिने श्वासच घेतला नाही.

साहेबांनी परत येऊन कपाट उघडल्यावर धुळाप्पाने त्याच घरातून नवे डास आणले आणि मल्लव्वाला माझ्यासमोर बसवले. तिने डोळा लावला. ते गोल फोड कशाचे, ते धुळाप्पाने सांगितले.

"ह्ये माझ्या पान्यातलं हाय?"

"व्हय, मल्लव्वा."

"मग आदी का न्हाय दावलंस रे?"

धुळाप्पाने साहेबांकडे पाहिले. साहेब मोबाईल बघत होते.

त्या दिवशी मल्लव्वाने पिंप एकटीने आडवे केले, तळ घासला आणि उन्हात पालथे घातले.

मित्रांनो, नळ येण्याआधी उरलेले पाणी धुण्याभांड्याला वापरा आणि पिंप कोरडे करा. नुसता धूर बघून गप्प बसू नका. आणि मोठे होऊन साहेब झालात, तर माझ्या कपाटाची किल्ली खिशात घालून गावाला जाऊ नका.