मेजावरचे घाव

ओरियान तेसिएने सिदोनी माल्ग्राचं चरित्र लिहिलं, तेव्हा तिला मूल नव्हतं. झोप होती आणि मतं होती, दोन्ही पोटभर. त्याआधी तिने दोन विसरलेल्या कवींची आणि एका भांडखोर नाटककाराची चरित्रं लिहिली होती. ती वाचनालयांनी घेतली आणि धुळीने वाचली. सिदोनीचं मात्र माणसांनी वाचलं, तेही एका प्रकरणासाठी. प्रकरणाचं नाव ‘महामौन’.

सिदोनी एकोणिसाव्या शतकातली कादंबरीकार. सकाळ-संध्याकाळ लिहिणारी बाई, आणि मध्येच एक अख्खं वर्ष गप्प. ना कादंबरी, ना टिपण, ना शिंपिणीला निरोप. त्याच सुमारास तिला मुलगा झाला होता, हे ओरियानला ठाऊक होतं. पण त्या काळी बऱ्या घरच्या बायका तान्हं मूल खेड्यातल्या दूधआईकडे पाठवत आणि चालायला-बोलायला लागलं की परत आणत. म्हणून ओरियानने लिहिलं, ‘मूल अर्थातच दूधआईकडे होतं.’ पुरावा नव्हता. चरित्रकाराकडे पुरावा नसला की त्याला ‘अर्थातच’ सुचतं.

मग मौन कशाचं? तर देवावरची श्रद्धा ढळल्याचं. सिदोनीच्या लिहिण्याच्या मेजाला, खणाच्या खालच्या कडेवर, बारीक घाव होते, जोडीजोडीने. ‘लेखणी तासायच्या चाकूने तिने वार केले,’ ओरियानने लिहिलं, ‘एक देवावर, एक स्वतःवर.’ घाव इतक्या खाली कसे, ही अडचण तिच्याही ध्यानात आली होती. ती तिने एका वाक्यात निकालात काढली: ‘त्या क्षणी ती गुडघ्यांवर कोसळलेली होती.’ हे वाक्य लिहून झाल्यावर ओरियान स्वतःच रडली होती. आपल्याच वाक्याने रडू येणाऱ्या माणसाला खरं तर कुणीतरी वेळीच झोपायला पाठवायला हवं. पण तिला पारितोषिक मिळालं.

आता त्याच प्रकरणाच्या जोरावर प्रकाशक नवी आवृत्ती काढत होता. छपाईला जाण्याआधी फक्त ओरियानचा होकार हवा होता. आणि सप्टेंबरात, देशभरातली जुनी घरं लोकांना खुली होतात त्या दिवशी, ल्वार नदीकाठच्या सिदोनीच्या घरात, त्याच मेजाशेजारी उभं राहून तिने ‘महामौन’ वाचायचं होतं.

ती पोचली ती कडेवर तान्ह्या लेकीला, ब्लांदीनला, घेऊन. ब्लांदीनला धरून उभं राहता येऊ लागलं होतं, खाली दोन दात आले होते, आणि वरचे येऊ घातल्याने सगळ्या घरादाराची झोप उडाली होती.

घर सांभाळणाऱ्या मादाम पेशार दारातच आडव्या आल्या. ओरियानचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या घावांपुढे उभं करून ‘गुडघ्यांवर कोसळलेली’ म्हणत आणि रुमाल काढत.

“अहो, हिलाही आणलंत?”

“नवऱ्याला ऐनवेळी इस्पितळातून बोलावणं आलं. नर्स आहे ना तो. शांत असते हो ही.”

हे इतकं धडधडीत खोटं होतं की ब्लांदीननेच लगेच किंचाळून ते खोडून काढलं.

“दात येतायत वाटतं,” मादाम पेशार नरमून म्हणाल्या. “पण ऐका, मेजाला कुणी हात लावलेला मला चालत नाही. नगराध्यक्षांनाही मी दटावलंय.”

“नाही लावणार हात.”

आत गर्दी चांगली होती. दाराजवळच्या फळीवर सिदोनीचे म्हणून छोटे चाकू विकायला ठेवले होते, मुठीवर ‘महामौन’ कोरलेले. ओरियानला ते पाहून अंग चोरावंसं वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटणं हे लेखकांचं जुनं दुखणं.

ब्लांदीनला तिने पायाशी गालिच्यावर बसवलं, हातात पावाचा कडक शेंडा दिला, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. लोक शांत झाले. मादाम पेशारांचा रुमाल तयार होता. ओरियानला वाटलं, वर्षभरात पहिल्यांदा आपण एक परिच्छेद सलग वाचतोय.

तेवढ्यात पायाशीही फार शांत झालं. आई झाल्यापासून या शांततेला ती घाबरत असे.

तिने खाली पाहिलं. पाव गालिच्यावर पडला होता. ब्लांदीन मेजाचा पाय धरून उभी होती. तिने नुसता हात नव्हता लावला. तोंड लावलं होतं. खणाची खालची कड बरोब्बर तिच्या तोंडाशी येत होती आणि ती डोळे मिटून, मोठ्या समाधानाने, मऊ पाइनचं लाकूड चावत होती.

“देवा!” मादाम पेशार ओरडल्या.

ओरियानने पुस्तक टाकलं, गुडघे टेकले, लेकीच्या तोंडात बोट घातलं आणि लाकडाचा कपचा बाहेर काढला. मग तिची नजर खणाच्या कडेवर गेली. लाळेने चमकणारी एक ताजी खूण, दोन बारीक खाचा शेजारी-शेजारी. आणि त्या खुणेच्या डाव्या-उजव्या बाजूला जुन्या, काळवंडलेल्या, अगदी तशाच जोड्या. एक देवावर, एक स्वतःवर.

बाकी कुणाला काही दिसलं नव्हतं. लोकांना फक्त एक ओशाळलेली आई दिसत होती. उठावं, माफी मागावी, वाचन पुरं करावं, इतकं सोपं होतं. आवृत्ती निघाली असती, चाकू खपले असते. ओरियानने ते सगळं मनात रांगेने उभं केलं. पण मग डोळ्यांपुढे आपलंच वाक्य आलं, ‘मूल अर्थातच दूधआईकडे होतं’, आणि तिला हसू फुटलं. दाबलं तसं जास्तच फुटलं.

“बरं वाटत नाही का यांना?” कुणीतरी कुजबुजलं.

“मादाम पेशार,” ती जमिनीवरूनच म्हणाली, “जरा इकडे या. वाका. आता हिचे दात बघा, आणि मग हे बघा.”

मादाम पेशार वाकल्या. आधी मेज पाहिलं, मग ब्लांदीनचं तोंड, मग पुन्हा मेज.

“म्हणजे... चाकू नव्हता?”

“नव्हता.”

“देवबिव?”

“देव सुखरूप होता. पोराला दात येत होते.”

मागून एक म्हातारा द्राक्षमळेवाला खो खो हसला. “मग ते मौन हो, मादाम? अख्ख्या वर्षाचं?”

“मस्यू, मी स्वतः या वर्षात काय लिहिलंय सांगू? बाजारहाटाची चिठ्ठी. तीही अर्धवट.”

सगळे हसले. मादाम पेशार मात्र हसल्या नाहीत. “इतकी वर्षं मी या घावांपुढे रडले,” त्या कडवटपणे म्हणाल्या. “तुमच्यावर विश्वास ठेवून.”

ओरियानचं हसू गळालं. “मीही रडले हो. मूर्खासारखी.”

“म्हणजे तिने पोराला धाडलं नव्हतं कुठे?” मादाम पेशारांनी त्या जुन्या खुणांवरून बोट फिरवलं. आजवर त्यांनीही तिथे हात लावला नव्हता. “सगळ्या जणी धाडत. पण हा इथं होता. तिच्या पायाशी.” रुमाल डोळ्यांना लागला. “हे रडायला जास्त बरं आहे.”

“आणि त्या चाकूंचं काय करणार?” म्हाताऱ्याने टोमणा मारला.

“नासपती सोला त्यांनी!” मादाम पेशार फणकारल्या.

ओरियानने प्रकाशकाला तिथूनच फोन केला.

“छपाई थांबवा. ‘महामौन’ नव्याने लिहायचंय.”

“वेड लागलंय का तुला? लोक तेच तर वाचतात! आणि कधी देशील?”

ओरियानने कडेवर झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. ही किती वेळ झोपेल, यावर ते होतं. “देईन,” ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा आतल्या खोलीत पुढची मंडळी आली होती. मादाम पेशारांचा आवाज भरून आला होता, “आणि इथे, मेजापाशी, सिदोनी गुडघ्यांवर कोसळे, बाळाच्या तोंडातून लाकडाचे कपचे काढायला!”

ओरियान दारात थबकली. याला पुरावा काय, असं विचारायला तिने तोंड उघडलं. मग तिला आपल्या गुडघ्यांवरची गालिच्याची धूळ दिसली.

अख्ख्या प्रकरणात ते गुडघ्यांवर कोसळण्याचं तेवढं एक वाक्य खरं निघालं होतं. नव्या आवृत्तीत ते ठेवायचं असं तिने ठरवलं, ‘अर्थातच’ न घालता.